समूहगीत सगळ्या वर्गाचं : येत्या वर्षातल्या गाण्याच्या कार्यक्रमांची तयारी



शाळा सुरू झाल्या, की वर्षाचं नियोजन लिहायला घेतलं जातं. त्यात बालदिंडी येते, १५ ऑगस्ट येतो, स्नेहसंमेलन येतं, २६ जानेवारी येते. या प्रत्येक कार्यक्रमात गाणं असतंच, आणि प्रत्येक वेळी शिक्षकांच्या खोलीत तोच प्रश्न निघतो : "यंदा गाण्यात कोणाला घ्यायचं?"

मग ठरलेली आठ-दहा मुलं पुढे येतात. बाकीची तीस मुलं टाळ्या वाजवायला बसतात. कार्यक्रम छान होतो, फोटो निघतात. पण पहिलीपासून पाचवीपर्यंत दर वर्षी नुसत्या टाळ्याच वाजवणारं मूल काय शिकतं? "गाणं माझं नाही," हे ते पक्कं शिकतं. पुढे आयुष्यभर हा धडा पुसला जात नाही.

म्हणून या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. समूहगीतात सगळा वर्ग घ्यायचा, आणि सगळा वर्ग घेऊनही गाणं चांगलं होतं. त्यासाठी काय करावं लागतं ते क्रमाने बघू.

येत्या वर्षात कुठे कुठे गायचंय

आधी दिनदर्शिका समोर ठेवू. गाण्याचे प्रसंग आधीच माहीत असले तर आदल्या आठवड्याची धावपळ वाचते.

- आषाढी एकादशी, २५ जुलै २०२६. त्याआधी शाळेची बालदिंडी. टाळ, पताका आणि चालता चालता म्हणायचे अभंग.
- १५ ऑगस्ट. ध्वजवंदन, राष्ट्रगीत, राज्यगीत आणि एक देशभक्तिपर समूहगीत.
- गणेशोत्सव, १४ सप्टेंबरपासून. आरत्या मुलांना आधीच पाठ असतात. तालात म्हणायला शिकवायची हीच संधी.
- नवरात्र, ११ ऑक्टोबरपासून. भोंडला. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गाणी. मुलींसोबत मुलांनाही फेरात घ्यावं.
- 'वंदे मातरम्' ची १५० वर्षं. ७ नोव्हेंबर २०२५ ला देशभर सामूहिक गायनाने हे वर्ष सुरू झालं आणि ७ नोव्हेंबर २०२६ ला ते पूर्ण होतंय. पण यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असणार. शाळेत सामूहिक गायन करायचं असेल तर सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात ठेवा.
- कार्तिकातला काकडा आणि नंतर गावोगावचे हरिनाम सप्ताह.
- स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारी.
- १९ फेब्रुवारी, शिवजयंती. आपलं राज्यगीत २०२३ साली याच दिवसापासून लागू झालं.
- २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, आणि शेवटी १ मे.

म्हणजे जवळजवळ दर महिन्याला गाणं आहे. प्रत्येक प्रसंगाला नवीन गाणं बसवायची गरज नाही. वर्षभरात पाच-सहा गाणी घ्या, पण ती सगळ्या मुलांना पूर्ण आली पाहिजेत.

गावात ही शाळा आधीपासून भरते

आमचं शिनोली मंचर-भीमाशंकर रस्त्यावर, घोडेगाव आणि डिंभ्याच्या मधे. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात काकड्याला किंवा हरिपाठाला जाऊन उभे राहा. तिथे चाल सांगणारे दोन-तीन जाणकार असतात. एक पखवाजवाला, एक विणेकरी, कधी पेटीवाला. बाकी सगळे टाळकरी. त्या टाळकऱ्यांची कोणी परीक्षा घेतलेली नसते. आठ-दहा वर्षांचा पोरगा रांगेच्या टोकाला येऊन उभा राहतो. आधी नुसता टाळ वाजवतो. मग ध्रुवपद म्हणायला लागतो. दोन-तीन सप्ताह झाले, की अभंगाची चरणं त्याच्या तोंडी बसतात. त्याला "तू बेसूर आहेस, मागे हो" असं कोणी म्हणत नाही. चुकला तर शेजारचा काका नुसता त्याच्याकडे बघतो आणि थोडा मोठ्याने म्हणतो. पोरगा आपोआप सुरात येतो.

शिक्षक म्हणून यात तीन गोष्टी टिपण्यासारख्या आहेत. पहिली, गाण्याची रचनाच अशी असते, की अवघड भाग थोड्यांकडे आणि ध्रुवपद सगळ्यांकडे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात ते यासाठीच. दुसरी, नवशिका कायम जाणत्याच्या शेजारी उभा असतो. तिसरी, सराव कार्यक्रमापुरता नसतो. रोज थोडा थोडा होतो. ही पद्धत शाळेच्या पटांगणात आणली तर अर्धं काम झालंच.

बायकांची गाणीही विसरू नका. पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात आणि डोंगराळ गावांत जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा होता. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बहुतेकींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. त्यांच्यातल्या कोणालाही "तुला गाणं येतं का?" असा प्रश्न पडला नसेल. दळायला बसलं की गायचं, एवढंच.

मोठ्या मैदानावरचं गाणं

शाळेतल्या समूहगानाला महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर समूहगीतं ही रोजची गोष्ट होती. सिंधुदुर्गातले संगीतकार वसंत देसाई (१९१२-१९७५) चित्रपटांना संगीत देत होते, आणि त्याच जोडीला 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून शाळेतल्या मुलांच्या मोठमोठ्या समूहांना गाणी शिकवत होते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतल्या प्रार्थना आज कितीतरी शाळांच्या परिपाठात म्हटल्या जातात. दोन्हींच्या चाली त्यांच्याच. चाल ऐकून बघा. लांब उड्या नाहीत, अवघड ताना नाहीत, श्वास घ्यायला जागा आहे. सगळ्यांना म्हणता येईल असं गाणं निवडायचं म्हणजे काय, याचा तो नमुना आहे.

अलीकडचं आठवत असेल : १७ ऑगस्ट २०२२ ला सकाळी ११ वाजता राज्यभर एकाच वेळी राष्ट्रगीत म्हटलं गेलं. शाळा, कार्यालयं, रस्त्यावरची माणसं जिथे होती तिथे उभी राहिली.

जगात याचं मोठं उदाहरण म्हणजे युरोपातला एस्टोनिया हा छोटा देश. लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षाही कितीतरी कमी. तिथे १८६९ पासून गाण्याचा महोत्सव भरतो. आता तो साधारण दर पाच वर्षांनी असतो आणि त्यात तीस हजारांच्या आसपास लोक एकत्र गातात. शाळकरी मुलांचे गटही त्यात असतात. सोव्हिएत राजवटीत १९८८ साली लोक रात्री मैदानात जमून आपल्या भाषेतली गाणी गायले. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या लढ्याला 'गाणारी क्रांती' असंच नाव पडलं. आपल्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट अशी, की महोत्सवाची गाणी आधीच ठरवून शाळांना दिली जातात आणि मुलं ती कित्येक महिने म्हणत असतात. ऐनवेळचं पाठांतर तिथे चालत नाही.

"तू नुसते ओठ हलव"

हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलं आहे. माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी तिसरीत असताना संमेलनाच्या गाण्यात होती. सरावात तिचा सूर हलला, तेव्हा तिला हेच सांगितलं गेलं. तिने तसंच केलं. आई-बाबा समोर बसून कौतुकाने बघत होते. त्यांना काही कळलंही नाही. पुढे महिनाभर ती घरात आरतीलाही गप्प उभी राहायची. आजीने विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा आवाज वाईट आहे."

आठ वर्षांच्या मुलीचा आवाज वाईट कसा असेल? तो अजून घडतोय. आपण वाचन शिकवताना अडखळणाऱ्या मुलाला "तू नुसतं पुस्तक उघडून बस" असं म्हणत नाही. त्याला जास्त वाचायला देतो. मग गाण्यात उलटा नियम का? ज्यांना सूर खरोखरच ओळखता येत नाहीत अशी माणसं फार थोडी असतात. बाकी मुलांना वेळ, योग्य पट्टी आणि शेजारी एक पक्का आवाज एवढंच हवं असतं.

पट्टी : सगळ्यात मोठी अडचण इथे आहे

अनेकदा मूल बेसूर नसतं, पट्टी चुकलेली असते. आपण मोठी माणसं आपल्या गळ्याला सोपं पडेल तिथून गाणं सुरू करतो. मुलांना ते फार खाली जातं. मग खालच्या ओळी ती बोलल्यासारखी म्हणतात आणि आपल्याला वाटतं, सूर लागत नाही.

पेटी असेल तर असं करा. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. पहिली-दुसरीच्या मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत आरामात गाता येतं. तिसरी ते पाचवीला पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत चालतं. गाणं या पट्ट्यात बसेल असा 'सा' धरा. पेटी नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप चालतं. सुरुवातीचा सूर वहीत लिहून ठेवा म्हणजे रोज तोच धरता येईल.

पुरुष शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. आपला आवाज मुलांच्या आवाजापेक्षा सप्तकभर खाली असतो. लहान मुलं तोच खालचा सूर धरायला बघतात आणि गोंधळतात. अशा वेळी पेटीवर वरचा सूर द्या, किंवा ज्या मुलीचा अथवा मुलाचा सूर पक्का आहे त्याला ओळ म्हणायला सांगा आणि वर्गाने मागून म्हणावी.

राष्ट्रगीताच्या बाबतीत पट्टी फार महत्त्वाची आहे. शेवटाकडे सूर वर चढतो. सुरुवात जास्त वरून केली तर शेवटी सगळे ओरडतात, फार खालून केली तर सुरुवातच ऐकू येत नाही. वेळही मोजा. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. राज्यगीताची वेळ १ मिनिट ४१ सेकंद आहे. मोबाइलच्या घड्याळावर आठवड्यातून एकदा वेळ लावली, की गाणं रेंगाळतंय का पळतंय ते मुलांनाच कळतं. त्यांना हा खेळ आवडतोही.

तीन आठवड्यांची आखणी

रोज परिपाठानंतर दहा मिनिटं पुरतात. तासभराच्या दोन सरावांपेक्षा रोजची दहा मिनिटं बरी.

*पहिला आठवडा : शब्द आणि अर्थ.* चाल अजिबात नाही. ओळ टाळीच्या ठेक्यावर नुसती म्हणायची. अवघड शब्दांचा अर्थ मुलांनाच विचारायचा. घरी वेगळी बोली बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांच्या बोलीत तोच शब्द काय आहे तेही विचारा. अर्थ पक्का बसतो. श्वास कुठे घ्यायचा तिथे वहीत छोटी खूण करायची. सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला, की निम्मा गोंधळ जातो.

श्वासाची ही गोष्ट नुसती शिस्तीची नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि सोडतात, त्यामुळे त्यांच्या ठोक्यांचा वेगही बरोबरच वाढताना-कमी होताना दिसला. एकत्र गायल्यावर वर्ग शांत होतो, हा आपला रोजचा अनुभव आहेच.

*दुसरा आठवडा : चाल.* आधी फक्त ध्रुवपद. ते सगळ्यांना येईपर्यंत कडव्याला हात लावायचा नाही. मग शिक्षकाची एक ओळ, मुलांची एक ओळ. नंतर वर्गाचे दोन भाग : एक गातो, एक ऐकतो. ऐकणाऱ्यांनी सांगायचं, कुठली ओळ छान झाली आणि कुठे शब्द कळले नाहीत. कडवं म्हणायला चार-चार मुलांचे गट करा आणि रोज गट बदला. म्हणजे 'पुढची मुलं' आणि 'मागची मुलं' असा भेद राहत नाही.

*तिसरा आठवडा : उभं राहणं, सुरुवात आणि शेवट.* आता शिक्षकाने गाणं थांबवायचं. आपण मोठ्याने गात राहिलो तर मुलं आपल्या आवाजावर रेलून राहतात. सुरुवातीला सूर द्या, सगळ्यांना तो तोंड मिटून गुणगुणू द्या, मग गाण्याच्याच लयीत "एक, दोन, तीन, चार" मोजा. "सुरू करा" म्हटलं, की प्रत्येक जण वेगळ्या वेळी सुरू होतो. साथीला एक ढोलकी किंवा खंजिरी आणि दोन टाळ खूप झाले.

या तिन्ही आठवड्यांत एकच नियम फळ्यावर लिहून ठेवा : शेजारच्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. ऐकू येत नसेल तर मी ओरडतोय.

सूर हलणाऱ्या मुलासाठी

- त्याला दोन पक्क्या आवाजांच्या मधे उभं करा. मागच्या रांगेत टोकाला नको.
- त्याला हवा तो सूर लावू द्या आणि आपण त्याच्या सुरात सूर मिळवा. दोन सूर जुळतात तेव्हा कसं वाटतं हे आधी त्याला कळू दे. मग तिथून एक-एक सूर वर सरका.
- आवाज खालून वर ओढायचे खेळ घ्या : वारा, घाटात चढणारी एसटी, विहिरीचा रहाट. काही मुलांना बोलायच्या आवाजापेक्षा वर जाता येतं हेच माहीत नसतं.
- सगळ्या वर्गासमोर एकट्याला गायला लावू नका. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं पुरतात.
- हळू गायला सांगा. मोठ्याने गाताना स्वतःचा सूर ऐकू येत नाही.
- कडवं जमत नसेल तर ध्रुवपद आणि टाळ त्याच्याकडे द्या. ते त्याचं स्वतःचं काम असेल. गाण्यातून बाहेर मात्र काढू नका.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना "गाण्यात रस नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. "ध्रुवपद लयीत म्हणतो", "सूर ऐकून जुळवायचा प्रयत्न करते", "टाळाचा ठेका धरून ठेवतो" अशा नोंदी करा. त्या खऱ्या असतात आणि पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

तयार ट्रॅक लावायचा मोह होतो. पण ट्रॅकची पट्टी बहुतेक वेळा मोठ्यांच्या गळ्याची असते, आणि स्पीकरच्या आवाजात मुलांचा आवाज बुडून जातो. मूळ गायकाचा आवाज चालू आणि मुलं समोर हातवारे करतायत, याला समूहगीत म्हणता येणार नाही. साधी पेटी-ढोलकी ठेवा. तीही नसेल तर टाळ्यांच्या ठेक्यावर गा.

माइक एकच असेल तर तो एका मुलाच्या तोंडासमोर धरू नका. अर्धवर्तुळात उभं करून माइक समोर थोडा लांब ठेवा. बुटकी मुलं पुढे, उंच मागे. ज्यांना ध्रुवपद उचलून धरायचं आहे ती मधे. उन्हात उभं करण्याआधी सगळ्यांना पाणी द्या. कोरड्या घशाने वरचा सूर लागत नाही.

शेवटचं ध्रुवपद पालकांना आणि ग्रामस्थांनाही म्हणायला सांगा. मुलं दोन ओळी सांगतील, मंडपातली माणसं मागून म्हणतील. ज्या गावात हरिपाठ होतो तिथल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. पाहुण्यांचं एक भाषण कमी झालं तरी चालेल, पण ही दोन मिनिटं ठेवाच.

पालकांसाठी चार शब्द

"आमच्या पोराचा आवाज भसाडा आहे," असं पोरासमोर कौतुकाने किंवा थट्टेनेसुद्धा म्हणू नका. घरात आरती मोबाइलवर न लावता तोंडाने म्हणा. स्वयंपाक करताना, शेतावर जाताना आजी-आजोबांना त्यांची गाणी म्हणायला सांगा आणि मुलाला दोन ओळी वहीत लिहून घेऊ द्या. ती वही शाळेत आणली तर भोंडल्यात किंवा मराठी भाषा दिनाला गावाचंच एखादं गाणं घेता येईल. सप्ताहात मुलाला टाळ देऊन शेजारी उभं करा. आणि कार्यक्रमानंतर "तू दिसलास" याऐवजी "तू कुठली ओळ म्हटलीस, मला म्हणून दाखव," असं विचारा.

येत्या १५ ऑगस्टला वर्ग गायला उभा राहील तेव्हा हजेरीचा पट एकदा बघा आणि गाणारी तोंडं एकदा मोजा. दोन आकड्यांत फरक असेल, तर २६ जानेवारीपर्यंत पाच महिने हातात आहेत. रोजची दहा मिनिटं तेवढी सोडू नका.